चाळीतल्या माणसांचं कोलाज पोर्ट्रेट: मी कसं करते, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कोलाजमध्ये (वेगवेगळे फोटो, कागद कापून जोडून केलेल्या चित्रात) माणसाच्या मागे काय लागणार ते तो माणूस ठरवणार, आपण नाही. बाकी लेयर, मास्क, स्कॅनिंग हे सगळं शिकता येतं, महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो, पण ही एक गोष्ट सुटली की कितीही सफाईने कापलेलं असू दे, ते चित्र त्या माणसाचं राहत नाही.

मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढले (कागदावर ना. म. जोशी मार्ग, पण बोलताना सगळे डिलाईल रोडच म्हणतात). १६० चौरस फुटांची खोली, मधून लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, एका मजल्यावर वीस घरं. वरळी, नायगाव, शिवडी आणि आमची धरून अशा २०७ इमारती, १९२० च्या दशकातल्या, त्यातल्या बहुतेक आता पाडून टॉवर होतायत. मोठं घर मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे, आमच्या आयांनी मोरीच्या एवढ्याशा जागेत जन्म काढला, त्यांना मिळालंच पाहिजे. पण सामान हलवताना पहिली भंगारात जाते ती पत्र्याची ट्रंक आणि गिरणगावातल्या घरात सगळं त्या ट्रंकेतच असतं, गिरणीचा पास, भजनी मंडळाचा ग्रुप फोटो, गावच्या घराचा उतारा, लग्नातला एकुलता एक फोटो. म्हणून मी हे काम सुरू केलं, आणि म्हणून म्हणते की तुमच्या वस्तीत असं काही हलत असेल, तुटत असेल तर थांबू नका, आधी स्कॅन करून ठेवा, कोलाज नंतर निवांत करता येतं.

मुंबईला फोटो कापून जोडणं नवीन नाहीये. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं दोन भागांचं पुस्तक काढलं होतं, त्यात माणसं एकीकडे काढलेली आणि मागचे देखावे दुसरीकडचे, दोन्ही जोडून एक प्रिंट केलेली. काम फार सुंदर आहे, पण खाली बहुतेक ठिकाणी जातीचं नाव आहे, माणसाचं नाही, आणि मागे कुठला देखावा लावायचा हे त्या माणसांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या बरोबर उलटं राजस्थानात नाथद्वाऱ्याच्या मनोरथ चित्रांमध्ये बघायला मिळतं, श्रीनाथजीपुढे हात जोडून उभं असलेलं कुटुंब, अंग रंगवलेलं आणि चेहरे मात्र खऱ्या फोटोतून कापून चिकटवलेले. तिथे माणूस स्वतः सांगायचा, मला देवासमोर उभं करा. मला ही दुसरी रीत जवळची वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे.

पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका. खरंच नेऊ नका. पाण्याच्या वेळेत जाऊ नका, सिरियलच्या वेळेत जाऊ नका, दुपारी तीन-साडेतीनला जा, तेव्हा बायका जरा टेकलेल्या असतात. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं असेल तर विचारून लावा. आणि माझा प्रश्न एकच असतो, "घर हलवताना काय टाकवणार नाही?" बस. मग ते आपोआप उठतात, पोटमाळ्यावरून काहीतरी काढतात. संपाचं पहिल्या दिवशी काढायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही, त्यामुळे कित्येक घरांत तो अजून संपलेला नाहीये, कोणाचं शिक्षण सुटलं, कोण गावी गेलं ते परत आलं नाही. त्यांना बोलायचं असेल तेव्हा ते बोलतात.

परवानगी लेखी घ्या, मराठीत, एका पानाची, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवा. त्यात चार गोष्टी हव्यात: चित्र कुठे लागणार, इन्स्टावर टाकायचं का नाही, विकलं गेलं तर त्यांचा वाटा किती, आणि नंतर नको वाटलं तर काढून टाकणार हे आपलं वचन. एक कॉपी त्यांच्याकडे राहू द्या. मी सही घेताना घरातलं अजून कोणीतरी समोर असेल असं बघते, कारण नंतर मुलगा विचारतो की आई तू कशावर सही केलीस.

स्कॅनिंगचं जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. मूळ कागद घराबाहेर न्यायचे नाहीत. गिरणीचा पास, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड हे नुसते आठवणीचे कागद नाहीयेत, गिरणी कामगारांच्या घरांसाठी तेच पुरावे लागतात, ते आपल्याकडून हरवले तर माफी मागून भागणार नाही. पातळ फ्लॅटबेड स्कॅनर मिळतो, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतो, तो पिशवीत घालून मी त्यांच्याच घरी जाते आणि त्यांच्यासमोर स्कॅन करते. साधा पोस्टकार्ड साइझचा फोटो ६०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), पासपोर्ट साइझ किंवा पासवरचा फोटो १२०० डीपीआय, कारण तोच पुढे मोठा करावा लागतो. फाईल टिफमध्ये ठेवा, जेपेगमध्ये परत परत सेव्ह केलं की बारीक बारीक खराब होत जाते. काळ्या-पांढऱ्या फोटोचा स्कॅनही रंगीतच करा, तो पिवळटपणा, डाग, मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्का हे सगळं नंतर उपयोगी येतं. फोटोची मागची बाजू विसरू नका, हो, ती पण स्कॅन करायची, कित्येकदा तारीख आणि गाव मागेच लिहिलेलं असतं.

चिकट पानांचे अल्बम असतात ना, प्लॅस्टिक उचलून फोटो चिकटवायचे तसले, त्यातला फोटो नखाने ओढायचा नाही. दातांचा फ्लॉस घ्या, फोटोच्या खालून करवतीसारखा हळूहळू सरकवा, सुटला तर ठीक, नाही सुटला तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवायला जाऊ नका, वरचा थर काचेवरच राहतो आणि आजोबांचा अर्धा चेहरा जातो. तो फ्रेममध्येच ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा, उजेड बाजूने, फ्लॅश बंद, आणि आपल्या पाठीमागे एक काळी चादर धरायला कोणाला तरी उभं करायचं म्हणजे काचेत आपण दिसत नाही. हार घातलेला असेल तर घरच्यांनाच काढायला सांगा, आपण हात लावायचा नाही.

आता माणसाचा फोटो. बीडीडीच्या खोलीत खिडकी एकच बाजूला, समोर दार, मधला कॉरिडॉर अंधारा. मी माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवते, उजेड डावीकडून येईल असा, आणि उजवीकडे पांढरी चादर धरून थोडा उजेड परत टाकते. मागे करड्या रंगाचं कापड दोरीला क्लिपा लावून टांगते. पांढरी भिंत नको, आजींचे पांढरे केस पांढऱ्या भिंतीवर गेले की कापताना डोळे फुटायची वेळ येते. मागची भिंत धूसर करायचा मोह टाळा, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८ ठेवा, कोलाजला कड स्पष्ट लागते, कान धूसर आणि नाक शार्प असेल तर कापलेला तुकडा कुठेच नीट बसत नाही. शटर स्पीड १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको. आयएसओ १६०० गेला तरी काही बिघडत नाही, फोटोत दाणे येतात, पण शेवटी आपण दाणे वरून घालणारच आहोत. फोनने करत असाल तर झूम दोन पटीवर ठेवून थोडं लांब उभं राहा, पोर्ट्रेट मोड बंद करा, तो केसांच्या कडा स्वतःच्या मनाने पुसतो.

आणि डायरीत लिहून ठेवा: उजेड डावीकडून, खिडकीची उंची एवढी, वेळ एवढी. कारण वस्तूंचे फोटो (पितळी डबा, टाळ, शिवणयंत्र, पिंप, देव्हारा जे काही असेल ते) त्याच खिडकीत, त्याच वेळेला, उजेड डावीकडूनच घेऊन काढायचेत. कोलाज खोटं वाटतं ते नव्वद टक्के वेळा उजेडामुळे. माणसावर सावली उजवीकडे आणि डब्यावर डावीकडे, बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

कापायचं कसं. फोटोशॉप असेल तर उत्तम, नसेल तर गिंप आणि क्रिता फुकट आहेत, फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालतं आणि दिसतं बरंचसं फोटोशॉपसारखं, माझे पहिले दोन पोर्ट्रेट त्यातच झालेत. इरेझर वापरू नका, लेयर मास्क वापरा, काळ्याने झाकायचं पांढऱ्याने उघडायचं, महिन्याने मत बदललं तरी कान परत मिळतो. कड पेन टूलने काढा, फेदर (कड मऊ करणं) अर्धा ते एक पिक्सेल, त्याहून जास्त दिलं की माणसाभोवती धूर निघाल्यासारखा दिसतो. आपोआप सिलेक्ट करणारं बटण सुरुवातीला कामाला येतं, पण नऊवारीचा काष्टा, पदराची किनार, चष्म्याची काडी, मंगळसूत्राची वाटी हे सगळं हातानेच. लालबागला एका फ्लेक्सवाल्या दादाकडे मी चार संध्याकाळी नुसती बसून बघत होते, वाढदिवसाच्या बॅनरवरचे चेहरे तो दोन-दोन मिनिटांत कापतो, आणि त्याने सांगितलेली गोष्ट मी आजही पाळते: कड नेहमी माणसाच्या किंचित आतून कापायची, बाहेरून कापली की मागच्या भिंतीचा रंग सोबत येतो.

जुना फोटो कापताना मी मुद्दाम त्याची पांढरी बॉर्डर ठेवते, दुमडलेला कोपरा ठेवते. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटेलच असं नाही. गेलेल्या आजोबांना आजींच्या शेजारी असं बेमालूम बसवता येतं की जणू काल सकाळीच दोघं खिडकीत बसले होते, करणारे करतातही, आणि घरचे मागतातही. मी बसवते, पण फोटोचा फोटोपणा दिसू देते, बॉर्डर, सुरकुती, गिरणीच्या पासवरचा खांद्यावरून गेलेला अर्धा शिक्का. तो शिक्का तर मी कधीच पुसत नाही, गिरणीने त्या माणसावर मारलेला तो शिक्का आहे. पासावरचा टोकन नंबर, पीएफ नंबर, पत्ता मात्र झाकायचा, नुसता धूसर करू नका, त्या कागदाचाच रिकामा भाग कॉपी करून वर बसवा.

आता मागे काय लावायचं, आणि इथे मला आमच्याच मजल्यावरच्या एका आजींचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साताऱ्याकडच्या, बावीस वर्षं खानावळ चालवली, एकेका पाळीला दहा-बारा गडी जेवायला. गिरणगावात अशा खानावळीवाल्या बायका घरोघरी होत्या, प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते ह्याच बायकांना घेऊन. तर आजींनी ट्रंकेतून वही काढली. निळ्या रेघांची, कडा तेलाने पारदर्शक झालेल्या, पान उलटायच्या कोपऱ्यावर हळदीची बोटं. आजींना लिहिता येत नाही, थोरली मुलगी शाळेतून आली की नावं लिहायची आणि पुढे आजी स्वतः रोज काडी मारायच्या, जेवला तर उभी, खाडा झाला तर आडवी. मी ते पान स्कॅन केलं, आजींच्या मागे भिंतीएवढं मोठं केलं, मांडीवर पितळी, बाजूला स्टोव्ह, मला वाटलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालंय. दाखवायला गेले. आजींनी चष्मा लावला, नावं काही वाचता येत नाहीत त्यांना, पण काड्या ओळखतात, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याचं द्यायचं ऱ्हायलंय. ह्याची पोरं खालच्या मजल्याव ऱ्हात्यात. काढ ग पोरी हे."

चाळीस वर्षांपूर्वीची उधारी, आणि त्या माणसाच्या पोरांना कॉरिडॉरमध्ये खाली बघायला लागू नये म्हणून बाई आपल्या चित्रातलं पान काढायला सांगतेय. मी नावांचा पूर्ण रकाना मास्क केला, फक्त काड्या ठेवल्या, शेकडो उभ्या काड्या आणि मधेच एखादी आडवी. आणि मग ते लांबून साच्यावरच्या (गिरणीतल्या मागावरच्या) ताण्यासारखं दिसायला लागलं. आजींचे यजमान साचाखात्यातच होते. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, आजींनी नाही म्हटलं म्हणून ते सापडलं, म्हणून सांगते की अर्धवट कामच दाखवा. कापलेले तुकडे छोट्या प्रिंटवर काढून कात्रीने कापून त्यांच्यासमोर जमिनीवर मांडा, त्यांना हलवू द्या. स्क्रीनवर लोक "छान आहे" म्हणतात, कागदाचे तुकडे मात्र हातात घेऊन सरकवतात, "हे इकडं कशाला, देवाच्या वर पाय येत्यात" असं सांगतात. त्या मांडणीचा वरून फोटो काढा आणि तसंच कॉम्प्युटरवर लावा.

आकारांचं गणित सोपं आहे, जे महत्त्वाचं ते मोठं, खऱ्या मापाची काळजी करू नका. पितळी डबा इमारतीपेक्षा मोठा चालतो. पण एका चित्रात मोठ्या वस्तू दोनच, तिसरी आली की चेहरा हरवतो.

रंग तीन, फार तर चार, आणि तेही त्याच घरातले. चाळीच्या भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत ऑईलपेंट असतो, पिस्ता नाहीतर आकाशी, त्यावरूनच मी सुरुवात करते, मग लुगड्याचा एक, पितळेचा एक. आयड्रॉपरने फोटोतूनच रंग उचला. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवले की नव्यातला काळा फार काळा दिसतो, तर कर्व्हजमध्ये (उजेड-अंधार बदलायच्या रेषेत) नव्याचं खालचं टोक थोडं वर उचला म्हणजे काळा जरा फिका, मातकट होतो. जुन्याला ओढूनताणून नवा करायला जाऊ नका. सावली दोन लेयरमध्ये, मल्टिप्लाय मोडवर (खालचा रंग गडद करतो तो), एक वस्तूला चिकटून गडद आणि बारीक, दुसरी पसरट आणि फिकी, दोन्ही उजवीकडे कारण उजेड डावीकडून. सावलीसाठी शुद्ध काळा नको, त्याच भिंतीचा गडद रंग घ्या. आणि सगळ्यात वर ५० टक्के करड्या रंगाचा एक लेयर, त्यात नॉइज (म्हणजे ते दाणे), ओव्हरले मोड, अपारदर्शकता दहा-पंधरा टक्के, त्याने वेगवेगळ्या काळातले तुकडे एका कागदावरचे वाटायला लागतात.

प्रिंटचं बोलू. ए३ साठी ३०० डीपीआयला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, फाईल सुरुवातीलाच त्या मापाची उघडा, शेवटी मोठी करून चालत नाही. गल्लीतल्या लॅबला देत असाल तर एसआरजीबीमध्येच (रंगांची नेहमीची सेटिंग) द्या, आणि आधी ८ बाय १२ ची एक टेस्ट काढा, स्क्रीनच्या उजेडाने फसायला होतं, प्रिंट नेहमी गडद येते. मॅट कागद घ्या. लॅमिनेशन करू नका, मुंबईच्या पावसात कडेने फुगे येतात आणि मग निघत नाही. फ्रेमवाल्याला सांगा काच आणि फोटोच्या मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाल, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी परत फ्लॉस घेऊन बसेल.

फाईलची एक कॉपी लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. आणि सगळे स्कॅन पेनड्राईव्हमध्ये भरून त्या घरी द्या, फक्त तयार चित्र देऊ नका, स्कॅन त्यांचे आहेत.

पहिली प्रिंट घरी, आणि प्रदर्शन पहिलं कॉरिडॉरमध्ये. आम्ही मजल्याच्या सत्यनारायणाला लावलं, दोऱ्या बांधून, प्रत्येकाचं चित्र त्याच्याच दाराशेजारी. उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी, कारण म्हातारी माणसं उंबऱ्यावर बसूनच बघतात.

फ्रेम बंद करायच्या आधी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा (पेनने नको, शाई पुढे उमटते): माणसाचं पूर्ण नाव, गाव, चाळ नंबर, खोली नंबर, कुठला तुकडा कोणाकडून आला. आजींच्या फ्रेममागे मी हे सगळं लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या अजून एक लिही. त्यांनी एकामागून एक अकरा नावं सांगितली, त्यांच्याकडे जेवणाऱ्या गड्यांची, गावासकट. उधारीवाल्याचं पण सांगितलं. ते मागेच राहील म्हणाल्या, भिंतीकडच्या बाजूला.